ब्राउझरमध्ये खेळ, पण फाइलमध्ये उतरव
वेब पान बनवताना प्रत्येक बदलानंतर रिफ्रेश मारत बसतोस ना, ते आधी बंद कर. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) टाक आणि खालच्या पट्टीतलं ‘गो लाइव्ह’ दाब. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं.

रंग, मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), फॉन्टचे प्रयोग मात्र एफ१२ दाबून उघडणाऱ्या डेव्हलपर टूल्समध्ये, थेट ब्राउझरमध्येच कर. पॅडिंगच्या (आतल्या मोकळ्या जागेच्या) आकड्यावर क्लिक करून वरचा बाण दाबलास की १६चे १७, १८ होतात आणि पान डोळ्यांसमोर हलतं. शिफ्ट धरलीस तर १०-१०ची उडी. पण यातलं काहीच फाइलमध्ये जात नाही! मी एकदा तासभर हेडर सजवत बसलो, सवयीने रिफ्रेश केलं आणि सगळं गायब. तेव्हा जमलेला आकडा लगेच सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, उतरव.

मोबाइलसाठी ३६० पिक्सेल रुंदीवर बघ. पान आडवं सरकत असेल तर बहुधा कशाला तरी ठरावीक रुंदी दिलेली असते, बऱ्याचदा चित्राला. त्याला मॅक्स-विड्थ १०० टक्के दे. खऱ्या फोनवरही उघडून बघच; बटण बोटाला नीट सापडतंय का, ते माउसने कळत नाही.

ओढून-सोडून पान बनवणारे एडिटर? खुशाल वापर, फक्त त्यांनी लिहिलेला कोड उघडून वाच. एकेका बटणाभोवती चार-चार डिव्ह (कोडमधले नुसते डबे) गुंडाळलेले सापडतील.