मावशीने सांगितलेली अर्धी ओळ

मेलबर्नहून चार पानी पत्र आलंय. लिहिणारी आपल्या नागपूरची, सदरला वाढलेली, हिस्लॉप कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. तिच्याच शब्दांत देते, त्यातलं शास्त्र म्हणजे आपलं बायबल.

"ताई, बाबा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले आणि मी येऊ शकले नाही. आता आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप वन डायबिटीस निघालाय. परवा मावशी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, मायबापाले टाकून गेली तू, आता लेकराच्या रूपानं फेडून राह्यली, शास्त्रातच लिहिलं आहे ना, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. मी फोन ठेवला आणि पोराच्या खोलीत अंधारात जाऊन बसले. देव प्रीती आहे म्हणून लहानपणापासून पाठ केलं, मग हे काय आहे? पोरगा पण विचारतो, देवाने मला सुया का लावल्या?"

पत्रात अजून तीन गोष्टी आहेत, नागपूरजवळच्या बेसाचा प्लॉट, आईचं एकटं राहणं आणि शनिवारचा मराठी वर्ग, त्या शेवटी बघू. आधी मला तुला थोडं रागवायचंय.

"येऊ शकले नाही" एवढं लिहून तू पुढे गेलीस. काहून? पूर्ण लिही ना. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या, नागरिकाला सुद्धा देशाबाहेर पडायला परवानगी काढावी लागायची, आणि मे २०२१ च्या सुरुवातीला तर भारतातून घरी परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना दंड आणि तुरुंगाची तरतूद केली होती. इकडे नागपुरात त्या एप्रिलमध्ये एकेका बेडसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते, गावातच राहणाऱ्या पोरांना बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. याला टाकून जाणं म्हणतात का गं? मावशी म्हणाली ते म्हणाली, पण तू स्वतःच ते खरं मानून बसलीस.

आणि आजाराचं म्हणशील तर तू सायन्सची आहेस, डॉक्टरांनीही सांगितलं असेलच, टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. ते पोराने चॉकलेट जास्त खाल्लं म्हणून होत नाही आणि त्याची आई परदेशात गेली म्हणूनही होत नाही.

मावशीचा प्रश्न नवा नाही बरं का. योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्याबरोबर येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशूने दोन शब्दांत सांगितलं, याने नाही आणि याच्या आईबापानेही नाही. आणि लगेच खाली वाकून थुंकीने चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तिथेही येशू विचारतो, ही माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही म्हणतो. ईयोब म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेला माणूस, त्याचे मित्र तर सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तेवढंच बरं केलं त्यांनी, तोंड उघडलं आणि तुझं पापच असणार म्हणून सुरू झाले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. दुसऱ्याच्या दुखण्याला शिक्षेचं लेबल लावणाऱ्यांना शास्त्रात शाबासकी मिळालेली मला तरी आठवत नाही.

पण मावशीने ओळ दाखवली आहे आणि ती शास्त्रात आहे, तेव्हा ती वाचलीच पाहिजे. वर्षानुवर्षं मी एकच सांगत आलेय आणि आजही तेच सांगणार आहे, अर्धी ओळ वाचू नका, पूर्ण वाचा, मग पुढचं पान वाचा. आपल्या लोकांचं निम्मं दुःख अर्ध्या ओळींनी केलेलं आहे.

बायबलाचा येशूच्या आधीचा भाग म्हणजे जुना करार, त्यातल्या निर्गम पुस्तकाचा ३४ वा अध्याय काढ. इस्राएल लोकांनी देव म्हणून सोन्याचं वासरू करून नाचून झालंय, दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्यात, मोशे दुसऱ्या घेऊन पुन्हा डोंगर चढलाय. रागवायला याहून मोठं कारण नव्हतं. आणि त्या वेळी देव मोशेसमोरून जाताना स्वतःची ओळख सांगतो, तर सुरुवात कुठून करतो? दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारो जणांवर दया करणारा. मग म्हणतो की अपराध्याला मोकळं सोडत नाही, बापाचा अन्याय तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो. मावशीने शेपूट तेवढं उचललं. एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार, हे माप कोणी सांगितलंच नाही तुला. त्या काळी तीन-चार पिढ्या एकाच छताखाली राहायच्या, घरचा कर्ता बिघडला की आजीपासून नातवापर्यंत सगळे भोगायचे. दारू पिणाऱ्या बापाचं घर आपण दोघींनी पण बघितलं असेल, त्यासाठी बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला जायला नको.

पण बाबेललाच चल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून हजारो लोकांना उचलून बाबेलला नेलं. यहेज्केल संदेष्टा त्यांच्यातलाच एक, खबार नदीकाठी राहायचा. म्हणजे तो जे बोलतो ते देशाबाहेर राहणाऱ्यांशी बोलतो, तुझ्यासारख्यांशी, एके काळी माझ्यासारखीशी. त्या लोकांत एक म्हण चालायची की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. दूर देशात संध्याकाळी नदीकाठी बसून माणसं हेच घोळत असणार, कोणी केलं, कोणामुळे झालं. आणि यहेज्केलाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात देव म्हणतो, ही म्हण आता बंद. मुलगा बापाचा अन्याय वाहणार नाही आणि बाप मुलाचा वाहणार नाही. एवढंच नाही, दुष्ट माणसाच्या मरणात मला आनंद वाटतो का, त्याने वळावं आणि जगावं यात मला आनंद नाही का, असं तोच विचारतो. मावशीला हा अध्याय वाचून दाखव, भांडू नकोस, नुसता वाच. तिचे कान त्या ओळीने भरलेत कारण तिलाही कोणीतरी कधीतरी तीच अर्धी ओळ ऐकवलेली असणार.

आता तुझ्या नवऱ्याचं. तू लिहितेस, "हे म्हणतात जुना करार सोडून दे, तो रागीट देवाचा, आपला नवा करार प्रेमाचा." जावयाचं मन चांगलं आहे पण हा रस्ता जुना आणि बंद आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने हेच मांडलं होतं, जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. बरोबरच केलं. होशेयाच्या पुस्तकाचा ११ वा अध्याय जुन्या करारातच आहे ना, तिथे देव म्हणतो एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, मी चालायला शिकवलं, हाताला धरलं, आता तुला मी कसा सोडू, माझं काळीज उलटतं. आणि नरकाचं सगळ्यात जास्त कोण बोललंय? येशूच. मत्तय २५ वाच. तिथे कोणाला डावीकडे, शिक्षेकडे पाठवलंय बघ, भुकेल्याला जेवू घातलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, आजाऱ्याकडे फिरकले नाहीत, त्यांना. म्हणजे त्याचा राग येतो कुठून, तर लहानांवरच्या मायेतून येतो. पोराला कोणी लाथ मारली आणि आई शांतपणे चहा पीत बसली तर तिला आपण प्रेमळ म्हणू का गं? ज्याला राग येतच नाही त्याची माया काय कामाची.

सगळं सोपं आहे असं मी म्हणत नाही. जलप्रलयाची गोष्ट मी लेकरांना जोडीजोडीच्या प्राण्यांची गंमत म्हणून कधी सांगितली नाही आणि सांगणार नाही, ती जड गोष्ट आहे. पण तिथेही उत्पत्ति ६ मध्ये पाऊस पडायच्या आधी लिहिलंय की देवाला मनातून दुःख झालं. मी तिथे थांबते, आणि पुढे वाचायच्या आधी थोडा वेळ बसून राहते.

आणि शिक्षा हा शब्दच बघ ना. इब्री लोकांस पत्र, अध्याय १२, प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. मुळात ग्रीकमध्ये पैदेया आहे, लेकराला वाढवणं, शिकवणं, वळण लावणं. आपल्या मराठीत तर शिक्षा आणि शिक्षण एकाच धातूतून आलेत, आपल्याला हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. पण आता घाईने असं म्हणू नकोस की म्हणजे डायबिटीस देऊन देव मला शिकवतोय. थांब. आमच्या घरचं सांगते म्हणजे कळेल.

बाबा रेल्वेत, राहायला आम्ही अजनीला. भाऊ दहा वर्षांचा असताना त्याने चर्चमध्ये अर्पणाच्या थैलीतून दोन रुपयांची नोट काढली, आणि ती दुपारी त्याच्या कंपास पेटीत घडी केलेली सापडली. मे महिना, बाहेर लू चालू, आई म्हणाली चार झापडा मारा आणि पुढच्या रविवारी परत द्या. बाबांनी मारलं नाही. फक्त म्हणाले, "चाल." सायकल काढली होती, ती पुन्हा भिंतीला टेकवली. आपला पंचा माठाच्या पाण्यात भिजवून भावाच्या डोक्याला कानावरून गुंडाळला, टोपलीत कांदा एकच उरला होता तो त्याच्या खिशात घातला, ऊन लागू नये म्हणून, आणि स्वतः तसेच उघड्या डोक्याने निघाले. अजनीहून सदर, पाच-सहा किलोमीटर, पायी. भावाने स्वतःच्या हाताने पाळकसाहेबांना नोट दिली, रडला, परत चालत आले. संध्याकाळी बाबांनाच ऊन लागलं, आई रात्रभर कैरीचं पन्हं पाजत बसली. भाऊ आता साठी ओलांडलेला आहे, गोष्ट सांगताना नोट कितीची होती ते चुकवतो कधीकधी, कांदा विसरत नाही.

शिक्षा अशी असते. कशाबद्दल आहे ते पोराला माहीत असतं, आणि देणारा बरोबर चालतो, उन्हाचा मोठा वाटा स्वतः घेतो. क्रूसाकडे बघून मला नेहमी बाबांचं ते उघडं डोकं आठवतं. उत्पत्ति ३ मध्येही बघ, आदाम-हव्वेला बागेतून काढायचं ठरलं, निकाल ऐकवून झाला, आणि बाहेर घालवायच्या आधी देव बसून त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांच्या अंगावर घालतो. कोणालाच कशाबद्दल ते माहीत नाही, नऊ वर्षांच्या पोराला रोज टोचायचं आणि हिशोब त्याच्या आईचा, याला इब्रीतली शिक्षा म्हणता येत नाही. हा आजार आहे. आजाऱ्यांशी येशू कसा वागला ते चार शुभवर्तमानांत भरून ठेवलंय.

पोराला सांग, देवाने सुया नाही लावल्या रे राजा, सुया तुला बरं वाटावं म्हणून आहेत, आणि देव तुझ्या बाजूला बसलाय. आणि टोचताना तू पण त्याच्या बाजूला बस, अंधारात एकटी नको.

तुझ्या जागी मी बसून आलेय. १९९८ मध्ये बाबा गेले तेव्हा मी लेस्टरला होते, चौथ्या दिवशी पोचले, माती देऊन झाली होती, कबरीवरचे झेंडू सुकले होते. त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला आणि मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तेच जोडलं जे तू जोडतेस. आईला तसं पत्रात लिहिलं पण. तिचं उत्तर आलं, सातवी शिकलेली बाई, वेड्यावाकड्या अक्षरात, त्यात लिहिलं होतं, "तुला स्टेशनवर सोडून आले तेव्हा तुझे बाबा रात्रभर जागे होते, पण तोंडातून वाईट शब्द काढला नाही, पोरगी शिकेल म्हणाले. त्यांचं मन एवढं मोठं, तर त्यांचा देव त्यांच्यापेक्षा लहान मनाचा असेल का?" मत्तय ७ मध्ये येशू हेच बोलतो, तुम्ही वाईट असूनही लेकरांना चांगलं द्यायचं कळतं तर तुमचा स्वर्गातला पिता किती अधिक देईल. तुझ्या बाबांनी तुला पाठवताना काय म्हटलं होतं ते आठव आणि मला लिही.

बाकीचं पटकन. बेसाचा प्लॉट आईच्या नावावर आहे ना, मग ठरवायचं आईने, तुम्ही भावंडं व्हॉट्सअॅपवर मोजमाप करू नका. आई एकटी राहते म्हणून तू घाबरतेस, पण तिचं महिला मंडळ, तिची शेजारीण, तिचा भाजीवाला सगळं सदरला आहे, तिला मेलबर्नला आणून बाल्कनीत बसवू नकोस, आधी विचार तिला. शनिवारच्या मराठी वर्गाला पोराला पाठव, आता तर नक्कीच पाठव, आजीला फोनवर स्वतः सांगू दे की आज शुगर किती आली.

डिसेंबरमध्ये यायचं म्हणतेस ते छान. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नको, तिथे गोठू शकतं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घे. कधी उन्हाळ्यात यायची वेळ आली आणि लाइट गेली तर आईला सांग, मोठ्या मातीच्या भांड्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, मडक्यात औषध कोरडं, वर ओलं कापड. तिला समजवावं लागणार नाही, फ्रिज यायच्या आधी तिने त्यात दूध ठेवलेलं असणार.