सर्व्हर चालू, पण वायर ओळखेना

प्रश्न : आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. मी बी.कॉम., पण कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात. चार वर्षांपूर्वी एका साध्या जोडणीच्या डेस्कटॉपवर ईएसएक्सआय ६.७ टाकलं, म्हणजे एकाच यंत्रात अनेक कॉम्प्युटर चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन आहेत : एकात टॅली, दुसऱ्यात वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर, जे विंडोज ७ सोडून कुठंच चालत नाही. बोर्डावरचं नेटवर्क रियलटेकचं आहे. तेव्हाही इन्स्टॉलर ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर नाही’ म्हणून अडला होता. मग ‘नेट५५-आर८१६८’ हा ड्रायव्हर मिळवला, कस्टमायझर नावाच्या टूलने आयएसओत, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलमध्ये, घातला आणि काम झालं. आता ईएसएक्सआय ८ वर जायचंय, तर तोच ड्रायव्हर ‘ड्रायव्हरएपीआय ९.२.२.० ची गरज भागत नाही’ म्हणतो. सही तपासू नको म्हणून सांगितलं, फोर्सही लावून पाहिला. आवक वाढायच्या आत हे मार्गी लागायला हवं, मालक रोज विचारतात. नवा ड्रायव्हर कुठं मिळेल?
– एक वाचक, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : तुमच्या हातात जो ड्रायव्हर आहे त्याचा नाद सोडा. त्यात बिघाड नाही, त्याला धरायला जागाच उरलेली नाही.

झालं असं की, जुन्या ईएसएक्सआयमध्ये लिनक्ससाठी लिहिलेले ड्रायव्हर चालवता यावेत म्हणून मध्ये एक थर होता, व्हीएमकेलिनक्स नावाचा. तुमचा नेट५५ त्या थरावर उभा होता. एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं आणि व्हीएमवेअर कंपनीने तो थरच काढून टाकला. तेव्हापासून फक्त ईएसएक्सआयसाठी मुळापासून लिहिलेले, म्हणजे नेटिव्ह ड्रायव्हर चालतात. तुम्हाला दिसलेला ९.२.२.० हा आकडा त्या गेलेल्या थराचा आहे. सही न तपासण्याने किंवा फोर्सने फाइल आत गेली असती, तरी कार्ड जागं झालं नसतं.

ड्रायव्हर शोधायच्या आधी चिपचा नंबर वाचायची सवय लावून घ्या. खोक्यावर ‘गिगाबिट लॅन’ लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. इन्स्टॉलर अडला की आल्ट आणि एफ१ दाबा, काळा पडदा येतो. तिथे ‘रूट’ लिहा, पासवर्ड रिकामा सोडा आणि ‘एलएसपीसीआय’ला ‘-एन’ जोडून चालवा. रियलटेकच्या ओळीत १०ईसी दिसेल, इंटेलच्या ओळीत ८०८६. त्यापुढचे चार आकडे म्हणजे नेमकी चिप. १०ईसी पुढे ८१६८ असेल तर तुमची साधी एक गिगाबिटवाली, ८१२५ असेल तर अडीच गिगाबिटची. ड्रायव्हर या आकड्यांवरूनच कार्ड ओळखतो.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. रियलटेकसाठी नव्या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर ‘फ्लिंग’ म्हणून मिळतो. फ्लिंग म्हणजे कंपनीच्याच इंजिनिअरांनी केलेला प्रयोग : वापरा, पण तक्रार घेऊन येऊ नका. घरी शिकायला म्हणाल तर झकास. सौदे चालू असताना पावत्या छापणाऱ्या मशीनवर मी तो टाकणार नाही.

याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका तपासणी केंद्रात माझी अशीच अडचण झाली होती. मी हुशारी केली : यूएसबीचं नेटवर्क डोंगल लावलं आणि त्याचा फ्लिंग ड्रायव्हर टाकला. संध्याकाळी सगळं चालू करून विश्रामबागला घरी आलो, छाती फुगवून जेवलो. रात्री वीज गेली, यूपीएस दमला, पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप उठला. उठला खरा, पण नेटवर्क नाही. सकाळी सातला रिपोर्ट न्यायला आलेली माणसं रांगेत आणि मी स्कूटरवर मिरजेच्या वाटेवर. नंतर कळलं ते असं : यूएसबी कार्ड उशिरा जागं होतं. तोवर व्हर्च्युअल स्विचने, म्हणजे आतली मशीन आणि खरं कार्ड यांना जोडणाऱ्या दुव्याने, आपली जोडणी लावून घेतलेली असते, म्हणून सर्व्हर चालू होताना ती पुन्हा जोडायच्या ओळी ‘लोकल डॉट एसएच’ फाइलमध्ये घालाव्या लागतात. हे त्या फ्लिंगच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही कार्ड बदला. इंटेलच्या आय३५० किंवा आय२१० चिपचं घ्या, दोन्हींचा ड्रायव्हर ईएसएक्सआय ८ सोबतच येतो. आय३५०ला चार लेनचा स्लॉट लागतो. तुमच्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड नसणार, मग तो लांब सोळाचा स्लॉट रिकामाच असेल, त्यात ते बसतं. फक्त छोटा एक लेनचा स्लॉट मोकळा असेल तर आय२१०. सर्व्हरमधून काढलेली जुनी कार्डं बाजारात येतात, पण त्यांना बऱ्याचदा मागची पट्टी बुटकी असते आणि ती तुमच्या उंच कॅबिनेटला स्क्रूने धरत नाही. उंच पट्टी आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. पट्टीविना लोंबकळणारं कार्ड मी एका दुकानात पाहिलंय. केबलला धक्का लागला की अख्खं दुकान बंद.

क्रम मात्र चुकवू नका. आधी दोन्ही मशीनचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी तुम्हाला मी सांगायला नको. मग मशीन बंद करून कार्ड बसवा, ६.७ तसंच चालू करा. मॉनिटरसमोर बसून एफ२ दाबा, मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये जा, जुन्या कार्डाऐवजी नवं निवडा आणि वायर तिकडे लावा. टॅलीच्या मशीनचं जाळंही त्याच स्विचवरून जातं ना, हे बघून घ्या. सगळं नीट चाललं, मगच ‘ईएसएक्ससीएलआय’ या कमांडने नेट५५-आर८१६८ काढून टाका. उलट केलंत तर बसलेली फांदी तोडल्यासारखं होईल. शेवटी बायोसमध्ये बोर्डावरचं लॅन बंद करा आणि ८ साठी कस्टमायझरचा हात न लागलेला, मूळ आयएसओ वापरा. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सह्या तपासणारी सोय, चालू ठेवायचं असेल तर हे अजूनच गरजेचं, कारण ‘कम्युनिटी सपोर्टेड’ पातळीचं, म्हणजे बाहेरच्या हौशी लोकांनी केलेलं, पॅकेज आत असेल तर त्याचं आणि सिक्युअर बूटचं जमत नाही.

‘मग ६.७ वरच राहू का?’ हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मालक विचारतील. त्याचा नेहमीचा आधार १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जुन्या, दुरुस्ती न केलेल्या ईएसएक्सआय सर्व्हरांना गाठलं, त्यात ६.७ सुद्धा होतं. हळदीच्या हंगामात वह्या कुलूपबंद झाल्या तर काय होईल, ते मालकांना तुम्हीच सांगा.

आणखी एक वाट आहे, प्रॉक्समॉक्स, ईएसएक्सआयचंच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये आर८१६९ ड्रायव्हर आधीपासूनच असतो, त्यामुळे तुमचं बोर्डावरचं रियलटेक तिथे बहुधा पहिल्या झटक्यात ओळखलं जाईल. व्हीएमवेअर विकत घेतलेल्या ब्रॉडकॉमने २०२४ च्या फेब्रुवारीत फुकटचं ईएसएक्सआय बंद केलं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत दिलं. या धरसोडीला कंटाळून माझी दोन गिऱ्हाइकं तिकडे गेली. एप्रिल २०२४ च्या ८.२ पासून ईएसएक्सआयवरची मशीन थेट ओढून घ्यायची सोयही त्यात आहे. पण तिकडे गेलात तर तुमचीच गंमत पुन्हा आत दिसेल : विंडोजला व्हर्टआयओचं, म्हणजे प्रॉक्समॉक्सचं वेगवान व्हर्च्युअल, कार्ड ओळखता येत नाही. आधी ई१००० हे जुन्या इंटेल कार्डाची नक्कल करणारं कार्ड निवडा, विंडोज चालू करा, ड्रायव्हर आत टाका, मग व्हर्टआयओवर या. विंडोज ७ वाल्या मशीनला तर ई१००० वरच राहू द्या, वजनकाट्याला वेग लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या हंगामापुरतं फक्त कार्ड बदललं असतं. प्रॉक्समॉक्सचा घाट पावसाळ्यात, यार्ड थंड असताना.

प्रश्न : प्रॉक्समॉक्सवर मशीन शॉपचं जाळं वेगळं करायला दुसरं कार्ड बसवलं, तर पहिल्या कार्डाचंच नेटवर्क गेलं. कार्ड जळालं का?
– एक वाचक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : नाही हो, नाव बदललंय. लिनक्स कार्डाला पीसीआयच्या जागेवरून नाव देतं. नवं कार्ड आलं की जागांचे आकडे सरकतात आणि कालचं ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होतं. ब्रिज, म्हणजे व्हर्च्युअल मशीनना खऱ्या कार्डाशी जोडणारा प्रॉक्समॉक्सचा दुवा (व्हीएमबीआर०), मात्र जुन्याच नावाला धरून बसलेला असतो. कीबोर्ड लावून ‘आयपी ए’ चालवा, नवं नाव बघा आणि ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये व्हीएमबीआर०च्या ब्रिज-पोर्ट्सपुढे ते लिहा. तीच फाइल वरच्या ओळीतही जुनं नाव धरून असते, ती विसरू नका. मग ‘आयएफरिलोड -ए’. पुन्हा हा ताप नको असेल तर मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या नंबरावरून, पक्कं नाव देणारी ‘लिंक’ फाइल बनवा. नाव ‘ईएन’ने सुरू होणारं ठेवा, म्हणजे प्रॉक्समॉक्स त्याला खरं कार्ड समजेल. आणि हे सगळं शनिवारी दुपारनंतर करा, शिफ्ट चालू असताना नको.