तिला राजीनामा द्यायला सांगू नका

प्रश्न : मी इचलकरंजीचा, हायस्कूलमधून निवृत्त झालेला शिक्षक. मुलगी एम.कॉम., वय 27. तीन वर्षांपासून इथल्याच एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात अधिकारी आहे. सरकारी बँकांतल्या अधिकारीपदासाठीची आयबीपीएस पीओची मुख्य परीक्षा एकदा थोडक्यात हुकली. मी म्हणतो, राजीनामा दे आणि पुण्याला जाऊन वर्षभर क्लास लाव. ती म्हणते, याच बँकेत राहायचंय आणि पुढे बँक चालवायची आहे. अशा बँकांत वरची खुर्ची संचालकांच्या भाच्या-पुतण्यांचीच असते, हे तिला कोण सांगणार? एवढं शिकून ती यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन लोकांची लाईट बिलं बघते. येणारी स्थळं आधी विचारतात, नोकरी सरकारी आहे का. माझी पुंजी एका पतसंस्थेत बुडाली, त्यामुळे मला सहकाराचं नावही नकोसं वाटतं. कृपया तिला समजावून सांगा.

उत्तर :

सर, नमस्कार.

तिला समजावण्याचं काम मी घेणार नाही. तुमच्या पत्रात तिच्या नोकरीबद्दल काळजीची चार-पाच कारणं आहेत, पण ती काम कसं करते याबद्दल एकच वाक्य आहे, तेही तक्रारीचं. तीन वर्षांत कर्ज विभागात पोचलेली आणि आपल्याला पुढे काय करायचंय हे स्पष्ट सांगणारी मुलगी माझ्याकडे क्वचित येते. बहुतेकांना फक्त ‘कुठेतरी लागायचं’ असतं. तिला हातची नोकरी सोडून क्लासला बसवायचं, आणि त्यामागचं एक कारण असं की स्थळं विचारतात, हे मला मुळीच पटत नाही. जे घर मुलीची किंमत तिच्या नोकरीवरच्या शिक्क्यावरून करतं, त्या घराला आवडावं म्हणून तिने आठ तास अभ्यासाला बसायचं का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा, तिला नव्हे.

पुंजी गेल्याचं दुःख मात्र खरं आहे, आणि त्यापुढे मी वाद घालणार नाही. एवढंच सांगतो की पतसंस्था आणि नागरी सहकारी बँक यांना एका मापाने मोजू नका. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं संरक्षणही नसतं. सहकारी बँकेत 2020 पासून ते प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत आहे. म्हणून सहकारी बँका बुडत नाहीत असं नाही. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण तुमच्या मुलीच्या कामाचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आता ती लाईट बिलं. शिक्षक म्हणून तुम्ही इचलकरंजीत आयुष्य काढलंत, त्यामुळे खर्चीवाला कोण हे मी सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, आणि याला मिळते ती ‘पिक’वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरलेली मजुरी. अशा कारखान्यात कर्जाची पाहणी करायला नवखा अधिकारी गेला, की तो रचलेल्या सुताच्या पिशव्या आणि ताण्याचे धागे गुंडाळलेली बीमं बघून खूश होतो आणि माल भरपूर आहे असा शेरा मारून येतो. तो माल कर्जदाराचा नसतोच, मग त्यावर बँकेचा बोजा कसला? माग तारण म्हणून धरावेत, तर मंदीत साधे माग भंगाराच्या भावाने जातात. अशा वेळी खरं काय ते विजेचं बिल सांगतं. सहा महिन्यांची बिलं ओळीने मांडली, की माग दोन पाळ्या चालले की एक, कोणत्या महिन्यात बंद राहिले, मजुरी घसरल्यावर मालकाने किती कळ काढली, सगळं दिसतं. तुमची मुलगी टेबलावर आलेल्या कागदांवर न थांबता शेडमध्ये जाऊन हे बघते. सर, यालाच बँकिंग म्हणतात. हे तिला कोणी शिकवलं असेल तर त्या माणसाचे आभार माना. स्वतःहून सुचलं असेल तर तिला या कामातून उठवू नका.

स्थानिक उद्योजकांशी संबंध म्हणजे ओळखीपाळखी, लग्नाकार्यांना हजेरी आणि अडल्या वेळी मॅनेजरने मारलेली सही, असा आपल्याकडे समज आहे. बँका बुडतात त्या याच संबंधांनी. 2019 च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1000 रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून जास्त रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि खोट्या खात्यांआड ती लपवली होती. म्हणजे संबंध होते आणि चांगले घट्ट होते, फक्त एकाच घराशी होते. बँकेच्या प्रमुखाला शेकडो लहान धंदे आतून माहीत असावे लागतात. सुताला खळ लावणारा सायझिंगवाला, कापड रंगवणारा प्रोसेसवाला, मागवाला, सुट्या भागांचा दुकानदार, सगळ्यांचं पोट सुतावर असेल, तर सुताचा भाव हलला की सगळे हप्ते एकदमच थकतात. म्हणून इचलकरंजीच्या बँकेच्या माणसाला हुपरीचा चांदीचा धंदा आणि शिरोलीच्या फाउंड्र्याही कळल्या पाहिजेत. आणि त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. “काका, या महिन्यात कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देता येणार नाही. येणी वसूल करा, स्टॉक स्टेटमेंट खरं द्या, मग बोलू,” असं तोंडावर सांगूनही तो माणूस पुढच्या महिन्यात खातं न हलवता परत येतो, तेव्हा संबंध जमला समजायचं. त्याला वर्षं लागतात. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला, तो कितीही हुशार असला तरी, तेवढा वेळ मिळत नाही.

वरच्या खुर्चीबद्दलचा तुमचा समज जुन्या अनुभवावरचा आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी तसं चालायचं. पण रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये नागरी सहकारी बँकांच्या व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी नियम ठरवले. पदवी हवी, शिवाय बँकिंगची किंवा तत्सम पात्रता असल्यास प्राधान्य. वय 35 ते 70. बँकिंग किंवा कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेत मधल्या वा वरच्या फळीतला किमान 8 वर्षांचा अनुभव. आमदार, खासदार, नगरसेवक किंवा स्वतः व्यापारधंदा करणारा माणूस त्या पदावर चालत नाही. नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते. भाच्या-पुतण्यांचं दार पूर्ण बंद झालं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे पात्रता आणि अनुभव नाही, त्याला आता नुसत्या नात्यावर तिथे बसवता येत नाही. तुमच्या मुलीचं वय 27 आहे. मधल्या फळीत पोचायला आणखी काही वर्षं, त्यापुढे आठ, म्हणजे चाळिशीच्या आसपास ती या पदासाठी उभी राहू शकते. हा रस्ता लांबचा आहे आणि मधल्या काळात पगार राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा कमी असेल. हे तिला माहीत असावं. नसेल तर आज कळू दे.

परीक्षांबद्दल थोडक्यात सांगतो. बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या जेएआयआयबी, मग सीएआयआयबी, या दोन्ही परीक्षा नोकरी सांभाळून होतात. सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका परीक्षा दिली तर कायदा आणि लेखापरीक्षण पक्कं होईल. पीओची वयोमर्यादा 30 आहे. तिला मनापासून द्यायची असेल तर नोकरीत राहून द्यावी.

तिला एकच सावधगिरी सांगा, आणि ती महत्त्वाची आहे. एखादं कर्ज पाहणी अहवालात बसत नसताना ‘वरून’ फोन आला आणि तिच्यावर अहवाल बदलायचा दबाव आला, तर तिने बदलू नये. असे फोन वारंवार येऊ लागले, तर ती बँक सोडून दुसऱ्या सहकारी बँकेत जावं. तेव्हा राजीनामा द्यायला मीच सांगेन. दबावाखाली केलेली सही पुढे चौकशीत तिच्याच नावावर निघते, फोन करणाऱ्याच्या नाही.

तुमच्यासाठीही एक काम आहे. सप्टेंबर संपायच्या आत बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. त्याआधी छापून येणारा अहवाल मुलीकडून मागून घ्या आणि दोघं मिळून वाचा. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता थकलेलं कर्ज) किती, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल) किती, लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जातला वाटा किती. जे आकडे तुम्हाला कळणार नाहीत ते तिला विचारा, आणि जे अहवालात नसतील ते बँकेत विचारायला सांगा. बँक कच्ची आहे असं त्यातून दिसलं, तर तुमच्या भीतीला आधार मिळेल आणि आपण वेगळा विचार करू. मला पुढचं पत्र मात्र तिने स्वतः लिहावं.