वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मामांची 2008 सालची फेंडर अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटोकॅस्टर इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली आहे. तिला 9चा, म्हणजे बारीक तारांचा सेट होता, मी थोडा जाड 10चा लावला. नेक, म्हणजे गिटारीची मान, पुढे वाकला आणि तारा उंच झाल्या. मूळ की हरवली होती, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून 3 मिमीची एलन (षटकोनी) की आणून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला त्याला सरळ ठेवणारा धातूचा दांडा, आवळायला गेलो. आता की रॉडच्या नटाच्या आत नुसती गरगर फिरते. एक जण म्हणाला, नेकच बदला. दुसरा काही उपाय आहे का, काका? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. नेक बदलायचं तूर्त डोक्यातून काढा. तुमच्या नटाला एक सुताची, म्हणजे 1/8 इंची की लागते. ती भरते 3.175 मिमी आणि तुम्ही घातली 3ची. फरक पावणेदोन दशांश मिलिमीटरचा. मी निम्मं आयुष्य टूलरूममध्ये काढलं, तिथे एवढ्यावर अख्खा जॉब भंगारात जायचा. दुकानदार विचारल्याशिवाय मिमीचाच संच हातात ठेवतो, तेव्हा इंची संच मुद्दाम मागून घ्या. स्वस्तातला नको, मऊ पोलादाची की नटाआधी स्वतःच गोल होते.

तारा पूर्ण सैल करा आणि हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) भोकात टॉर्च मारून बघा. बहुतेक वेळा आत धूळ आणि लाकडाचा भुसा दाबून बसलेला असतो. की तळापर्यंत जात नाही, नुसती तोंडाशी अडकते, आणि मग झिजतं तेही तोंडच. आतले कोन शाबूत राहतात. टाचणीने तो मळ उकरा, फुंकून बाहेर काढा. नव्या कीचं टोक कोरं करकरीत हवं. जराही गोलावा असेल तर टोकाकडून दोन-तीन मिमी कापून टाका. मग की तळाला टेकेपर्यंत आत घाला.

लगेच पिळू नका मात्र. 9–42चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, हजारांश इंचांत) नेकला साधारण 38 किलोने ओढतो, 10–46चा साधारण 46 किलोने. ती ओढ रॉडने पेलायची आणि नेक सरळही तुम्ही त्या इवल्याशा नटाच्या जोरावरच करायचा, असं केलं तर चांगला नटसुद्धा झिजतो. नेक सरळ करायचं काम क्लॅम्पला द्या. दीड फुटी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या. पहिल्या आणि पंधराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) बुचाचे किंवा लाकडाचे सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून पाइप त्यांच्यावर आडवा टेकवा. सातव्या फ्रेटजवळ नेकच्या पाठीला जाड चामडं लावा आणि पाइप व नेक मिळून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. मधला भाग पाइपकडे उचलला जातो. नेक सरळ होऊन केसभर उलटा वाकला की थांबा. आता नटावर भार उरलेला नाही. की घड्याळाच्या दिशेने फिरवली तर दोन बोटांनी फिरायला हवी. टेकेपर्यंत फिरवा, वर एक अष्टमांश फेरा, बस. क्लॅम्प सोडा, तारा सुरात लावा, रात्रभर तशीच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मोजणी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. तुमच्या नेकला 0.25 मिमी पुरे. त्यासाठी गाडीचे टॅपेट सेट करायचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) चालतो, स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळेल.

क्लॅम्प लावूनही की नटात नुसती गरगर फिरलीच, तर 3.5 मिमीची चांगली की घ्या आणि टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग किंचित निमुळता घासा. ग्राइंडरवर धरत असाल तर दर क्षणी पाण्यात बुडवा. पोलादाचं पाणी उतरलं की ती फुकट गेली. मग ती पाचरीसारखी नटात बसवायची, लाकडी हातोडीच्या अगदी हलक्या टोल्यांनी, हेडस्टॉकखाली घट्ट आधार ठेवून. काही जण टी-20ची टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या टोकाची) बिट ठोकतात. चालते, पण भोकाच्या कडेचं लाकूड फुटण्याची भीती जास्त, म्हणून मला ती शेवटी आठवते.

फेव्हिक्विक किंवा एम-सीलने की चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. गोंद आट्यांत उतरला की पुढचा कारागीर तुम्हाला शिव्या घालेल. तेलाचा फवाराही नको, लाकूड ते पिऊन बसतं.

हेही जमलं नाही तर नट बदलावा लागतो. तुमच्या गिटारीत तो अक्रोडाच्या छोट्या बुचामागे बसवलेला आहे. नट उलटा सोडत गेलात तर तो त्याच बुचाला रेटा देतो आणि नेक पुढे वाकवतो. तशी रचनाच आहे. म्हणून जोर लावून तो बाहेर काढायला जाऊ नका. आधी बूच काढावं लागतं, नंतर नवं बसवून पॉलिश जुळवावं लागतं. हे घरचं काम नव्हे, गिटार बांधणाऱ्याकडेच द्या.

प्रश्न : माझ्या गिब्सन लेस पॉलचा पितळी नट बाहेरून गोल झालाय, पकडीने फिरवला होता. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं काम सोपं आहे. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूंना ट्रस रॉडचं पेटंट मिळालं 1923 साली, आणि तुमच्या गिटारीतला नट आजही सरळ आटे सोडवून बाहेर येतो. तारा सैल करा, वर सांगितलेला क्लॅम्प लावा आणि 5/16 इंची पातळ भिंतीचा बॉक्स पाना पूर्ण खाली बसवून डावीकडे फिरवा. कोन पार गेले असतील तर नट आडवा घासून दोन समोरासमोरच्या सपाट बाजू करून घ्या. पितळ मऊ असतं, बारीक कानस पुरते. नवा नट इंची आट्यांचाच मागवा. जुना वॉशर परत घाला, आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. पकड मात्र पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ देऊ नका.