पहिलीच्या वर्गात काय चाललंय ते घरी कळणार कसं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या वेळी आपण म्हणलं होतं की पहिलीच्या वर्गाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, तर यावेळी बहुतेकांनी एकाच गोष्टीवर लिहिलंय, शाळेत काय चाललंय ते घरी कळत नाही आणि घरची अडचण शाळेला कळत नाही. मी स्वतः बीड आणि लातूर जिल्ह्यात मिळून बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, त्यामुळं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. चार पत्रं घेतलीत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न: ताई, मी केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात 23 लेकरं आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 17 नंबर आहेत. दिंडी असो, परसबाग असो, आनंदनगरी असो, सगळं मी ग्रुपवर टाकते, तरी ऐनवेळी निम्मी लेकरं तशीच येतात आणि आया म्हणतात आम्हाला माहीतच नव्हतं. अजून काय करायला पाहिजे?

उत्तर: मॅडम, ग्रुपवर टाकलं म्हणजे घरी पोचलं असं आपण धरून चालतो आणि तिथंच गाडी अडते. 23 लेकरं आणि 17 नंबर म्हणजे सहा घरं तर आधीच बाहेर राहिली, आणि त्या 17 मधले बहुतेक नंबर बापांचे असणार. बाप दिवसभर बांधकामावर नाहीतर ट्रॅक्टरवर, फोन त्याच्या खिशात, रिचार्ज असला तर मेसेज दिसणार, आणि तो घरी येऊन हातपाय धुवून जेवून बायकोला सांगेपर्यंत लेकरू झोपलेलं असतं. वेणी घालून, दप्तर भरून लेकराला शाळेत धाडणारी कोण, तर आई नाहीतर आजी. निरोप तिच्या कानावर पडला पाहिजे. म्हणून एका दुपारी हजेरी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढं लिहा की या घरी निरोप कुणाला सांगितला तर काम होतं. "आजी, फोन नाही, मोठी बहीण चौथीत", "आई, साधा फोन, सातनंतर उचलते", "चुलतीच्या फोनवर", असं. तासाभराचं काम आहे पण वर्षभर पुरतं.

हे मला एका आषाढीनं शिकवलं. दिंडीचा निरोप मी आदल्या रात्री टाकला होता, परकर-पोलकं आणि डोक्यावर तुळस, आणि सकाळी सगळ्या पोरी नटून आल्या, एक मात्र रोजच्या गणवेशात आली. ती रडली नाही. दाराच्या मागं उभी राहून कडी वरखाली करत राहिली, आणि दिंडी निघाली तशी सगळ्यात शेवटी चालली, फ्रॉकचं टोक मुठीत धरून. दुसऱ्या दिवशी तिची आई खुरपणीला जाता जाता शाळेत आली, खुरपं हातात तसंच, म्हणाली, "बाई, मला कोणी सांगितलंच नाही ओ. दोन दिस आधी जरी कळलं असतं तर जाऊबाईच्या जुन्या लुगड्यातून रातच्याला बसून शिवलं असतं मी." त्या माऊलीची काहीच चूक नव्हती, माझी होती.

तेव्हापासून मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही. ज्या कार्यक्रमाला काही विकत आणायचं किंवा शिवायचं आहे त्याचा निरोप आठवडी बाजाराच्या आधी गेला पाहिजे. खेड्यात आठवड्याची खरेदी बाजाराच्या दिवशीच होते, हातात पैसे असतात ते पण त्याच दिवशी, मग बाजार झाल्यावर तुम्ही पांढरा शर्ट सांगितला तर तो शर्ट पुढच्या बाजारापर्यंत येणार नाही. पालकांची बैठक पण बाजाराच्या दिवशी सकाळी नाहीतर दिवेलागणीला ठेवा, दुपारी बारा वाजता ठेवली तर आईचा रोज बुडतो, आणि रोज बुडवून ती का म्हणून यावी.

कार्यक्रम तसे वर्षभराचे ठरलेलेच असतात. जूनचा प्रवेशोत्सव, आषाढीची दिंडी, 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबरचं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 26 जानेवारी, मग ग्यादरिंग आणि आनंदनगरी. हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून जूनमध्येच घरोघर द्या, भिंतीला चिकटवा म्हणावं. आणि पान करताना गावाचं वेळापत्रकही धरा, सोयाबीन काढणी चालू असताना मेळावा ठेवला तर कुणी फिरकणार नाही, आणि लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तर अख्खं गाव शेतात भज्जी-आंबिल खायला गेलेलं असतं.

चिठ्ठीचं म्हणाल तर जूनमध्ये पहिलीच्या लेकराला वाचता येत नाही आणि कित्येक आज्यांनाही येत नाही, म्हणून मी चित्राची चिठ्ठी द्यायचे. तुळस काढायची आणि तिच्यापुढं पाच उभ्या रेघा, म्हणजे पाच दिवस राहिले. लेकरू रोज घरी एक रेघ खोडतं, आजीला दाखवतं, "आता तीनच राहिल्या". यात निरोप पण पोचतो आणि उलटी मोजणी पण होते. चिठ्ठी दप्तरात टाकली तर तिचा बोळा होतो, शर्टाला सेफ्टी पिननं लावा.

एकटीनं सगळं ओढू नका. 2022 पासून शाळापूर्व तयारीचे "पहिले पाऊल" मेळावे व्हायलेत, त्यात माता गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक लीडर माता असते. मेळावा संपला की हे गट कागदावरच राहिलेले मी पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या बाईला गल्लीतल्या सगळ्या घरांची नस माहीत असते. तिला बोलवा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि समितीत निम्म्या महिला पाहिजेत, त्या महिलांकडं पण नुसती सही न मागता एकेक गल्ली वाटून द्या. वस्ती लांब असेल तर देवळाच्या स्पीकरवर दोन वाक्यं सांगायला पुजाऱ्याला सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या ग्रुपवरचे मागचे वीस मेसेज काढून वाचा. माझी खात्री आहे की त्यात काहीतरी आणा, भरा, सही करा, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, एवढंच सापडेल. शाळेचा फोन म्हणजे काहीतरी मागणार असं एकदा घरच्यांच्या मनात बसलं की मेसेज उघडायलाच नको वाटतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, शनिवारी समजा, एक मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा, "या आठवड्यात आपल्या लेकरांनी चिंचोके दहा-दहाचे गठ्ठे करून मोजले, नारळाच्या करवंटीत हरभरा पेरला होता त्याला मंगळवारी मोड आले, घरी विचारा कुणाच्या करवंटीत आधी आले". बस्स एवढंच. आजी हे ऐकते आणि संध्याकाळी नातवाला विचारते, आणि "आज काय शिकवलं" या प्रश्नाला "काही नाही" म्हणणारं लेकरू करवंटीवर पंधरा मिनिटं बोलतं. अशा चार खबरी पोचल्या की पाचवा निरोप तुळशीचा असला तरी तो ऐकला जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. फोटो टाकायचा तर करवंटीचा टाका, लेकराच्या हाताचा टाका, तोंडाचा फोटो टाकण्याआधी घरी विचारा आणि नको म्हणले तर नको. आणि रडणाऱ्या किंवा मागं पडलेल्या लेकराचा विषय ग्रुपवर कधीच नाही, त्या आईला एकटीला गाठून सांगायचं.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला सांगली भागात आलोत, दिवाळीनंतर निघालो. पोरगी यंदा पहिलीला, गावाकडं आजीजवळ ठेवली आहे. शाळेच्या ग्रुपवर नुसत्या सूचना येतात, पोरीचं काय चाललंय काही कळत नाही. मॅडमला सारखं फोन लावणं बरं दिसत नाही. काय करावं?

उत्तर: दादा, बरं दिसत नाही हे आधी डोक्यातून काढा. बाप पोरीची चौकशी करतोय, यात कोणत्या बाईला राग येणार? फक्त सारखा फोन न करता एक वेळ ठरवून मागा. मॅडमला एकदा नीट सांगा की आम्ही पहाटे फडात जातो, रात्री गाडी भरायला लागते, तुम्ही आठवड्यातून एक दिवस पोरीच्या आवाजात मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवा, काय वाचलं ते, कविता म्हणली ती, आम्ही सवडीनं ऐकू. यात मॅडमचं पण वेगळं काम वाढत नाही, ती वाचते तेव्हा फोन समोर धरायचा.

तिकडून तुम्ही पण पाठवा. आज किती मोळ्या बांधल्या, गाडीला कोणते बैल आहेत, त्यांच्या घुंगराचा आवाज. मी वर्गात असे आवाज लावलेत. एका पोराच्या बापानं मोळ्या मोजत मोजत रेकॉर्ड केलं होतं, एक, दोन, तीन करत वीसपर्यंत, आणि वर्ग त्याच्यासोबत मोजत होता, ते पोरगं तर मान वर करून बसलं होतं, माझ्या बापाचा आवाज आहे म्हणून. त्याआधी दोन आठवडे ते कुणाशी बोलत नव्हतं.

आजीला बैठकीला पाठवा, सांभाळणारी तीच आहे म्हणल्यावर पालक तीच, तिला बसायचा पूर्ण हक्क आहे. आजीची तब्येत बरी नसेल तर गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा, तोडीला गेलेल्या घरांच्या लेकरांसाठीच ते असतं. आणि उद्या पोरीला सोबत न्यायची वेळ आलीच तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय निघू नका, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसवून घेतात.

प्रश्न: मी लातूरची. मुलगा इंग्लिश मीडियमला फर्स्टमध्ये आहे. क्लासच्या ग्रुपवर रोज शंभर मेसेज, गुड मॉर्निंग, थँक्यू मॅम, हॅपी बर्थडे, आणि त्यात "उद्या मॉडेल आणा" कुठं वाहून जातं कळतच नाही. मग रात्री दहाला दुकानं शोधत फिरायचं आणि मॉडेल मीच करत बसते, तो झोपलेला असतो.

उत्तर: ताई, ग्रुपचं दुखणं पाच मिनिटात बरं होतं. सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवतील असं करता येतं, आणि महत्त्वाचा मेसेज वर पिन करून ठेवता येतो, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. पालकांना गप्पा मारायच्या असतील तर दुसरा ग्रुप करा. हे मॅमना ग्रुपवर न सांगता शाळा सुटताना समोर जाऊन सांगा, चार आया मिळून गेलात तर अजून बरं.

मॉडेलचं मात्र मला मनापासून खटकतं. सहा वर्षाच्या लेकराला जे स्वतःच्या हातानं करता येत नाही ते पहिलीचं काम असूच शकत नाही. आई रात्री थर्माकोल कापते, सकाळी ते मॉडेल पहिलं येतं, आणि ज्यानं स्वतः वाकडंतिकडं केलं ते मागं ठेवतात, यातून तुमचा मुलगा काय शिकला? तुम्ही शाळेला पर्याय सुचवा, टीका करायला आलात असं वाटणार नाही. 17 सप्टेंबरचंच बघा ना, 1948 साली याच दिवशी निजामाची राजवट संपली, अजून घराघरात कोणाच्या तरी आजोबांनी, पणजोबांनी सांगितलेली आठवण असते. लेकरानं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारून यायचा, तुम्ही लहान असताना शाळा कशी होती, आणि उत्तराचं चित्र काढायचं. खर्च शून्य, आणि आजी-आजोबांना शाळेत बोलवायला कारण मिळतं. मातीचा बैल, पानांचे ठसे, घरातल्या डाळी ओळखून चिकटवणं, असं कितीतरी आहे. आठ दिवस आधी सांगितलं तर लेकरू ते रोज थोडं थोडं करतं. आणि तोपर्यंत समजा एखादं मॉडेल आलंच तर त्याला जागं ठेवून जेवढं जमेल तेवढंच करू द्या, तसंच घेऊन जाऊ द्या.

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यात तांड्यावरच्या शाळेत नवीन लागलोय. घरी सगळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मला येत नाही. मी मराठीत सांगतो तेव्हा आया मान हलवतात, पण दुसऱ्या दिवशी कळतं की समजलं नव्हतं.

उत्तर: सर, मान हलवली ती तुमचा मान राखायला. निरोप तुम्ही मराठीत सांगा आणि तांड्यावरच्या एखाद्या आईकडून तो गोरमाटीत रेकॉर्ड करून घ्या, तोच सगळीकडं पाठवा. कोणत्या घरी कोण बोलतं त्याची यादी वर सांगितली तशीच करा. पहिल्या महिन्यात संध्याकाळी तांड्यावर एक चक्कर टाका, काही सांगायला जाऊ नका, नुसतं लेकराची वही दाखवायला जा, हे तुमच्या पोरानं काढलंय म्हणून. आणि आया गोरमाटीत काही बोलल्या तर बोलू द्या, मराठीत सांगा म्हणू नका. शेजारी चौथीतली एखादी पोरगी उभी असणारच, तिला विचारा काय म्हणाल्या म्हणून, ती सांगेल.