झोप लागते, लावता येत नाही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. झोप लागत नाही म्हणून तुझा मेसेज रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी आलेला. दुखण्यापेक्षा उपायांचीच यादी लांब: कोमट दूध, तळपायाला खोबरेल, शंभरपासून उलटे आकडे, मोबाईलवर पावसाचा आवाज, आणि आता रूममेट देतोय ती गोळी. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक उपाय केल्यावर तू 'लागली का?' म्हणून तपासतोस, आणि तपासायला जागंच असावं लागतं.

आपल्याकडे झोप 'लागते'. भूक लागते, तहान लागते, तशीच. 'मी आज झोप लावली' असं कुणी बोलत नाही. तू मात्र तीन महिने ती लावायला बघतोयस. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोपेचा दाब, म्हणजे झोपेची ओढ, वाढतो. त्याला शरीराच्या घड्याळाची जोड असते. दोन्ही तुझ्या हुकमात नाहीत. गव्हाला रात्रीची लाईट मिळाली म्हणून दारं धरून आलेला माणूस सकाळी बाजेवर टेकतो आणि घोरायला लागतो. त्याने पावसाचा आवाज लावलेला नसतो.

टेस्टचे मार्क घसरले तेव्हा तुझी झोप उडाली, हे खरं. पण ते कारण कधीच मागे पडलं. आता जागरण टिकवून धरलंय ते तुझ्याच खटपटींनी: भरपाई म्हणून दहालाच आडवं होणं, रविवारी नऊपर्यंत लोळणं, मेसचं जेवण झालं की दुपारी तासभर ताणून देणं. दाब साठायच्या आधीच तू तो थोडाथोडा सोडून देतोस आणि मग रात्री त्याची वाट बघतोस.

म्हणून पहिलं काम हिशेबाचं. चौदा दिवस सकाळी उठल्यावर एका कागदावर अंदाजे लिही: किती वाजता पडलो, साधारण किती झोपलो, किती वाजता उठलो. रात्री लिहायचं नाही. समज, तू दहा ते साडेसहा, म्हणजे साडेआठ तास बिछान्यात असतोस आणि झोप सरासरी सहा तास होते. मग यापुढे बिछान्यात सहाच तास राहायचं: साडेअकरा ते साडेपाच. सरासरी कमी आली तरी साडेपाच तासांच्या खाली उतरू नकोस. साडेपाचचं उठणं रविवारीही, आणि रात्र कशीही गेली तरी. आठवडाभर त्या सहा तासांपैकी 85 टक्के, म्हणजे पाच तासांहून थोडी जास्त झोप होत राहिली, की पडायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घे. पुढच्या आठवड्यात परत बघ. ही पद्धत आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडली. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ज्या उपचाराची शिफारस होते, त्यात ती आजही आहे.

पहिले आठ-दहा दिवस जड जातील. दुपारी वर्गात पेंग येईल. येऊ दे, तोच साठा आहे. फक्त त्या दिवसांत गावाकडे मोटारसायकलने जाऊ नकोस, एसटीने जा. फिट येत असतील किंवा बायपोलरचा (मन टोकाचं उसळण्या-खचण्याचा) त्रास असेल तर ही पद्धत डॉक्टरांशिवाय करायची नसते.

लातूरच्या एका खोलीत कॉट हेच टेबल, कॉट हेच जेवायचं ताट ठेवायची जागा, ही अडचण मला कळते. पण तुझ्या मेंदूने कॉटशी बायोलॉजीचे प्रश्न जोडून ठेवलेत. फरशीवर चटई टाक, भिंतीला पाठ लावून अभ्यास कर. जागा बदलायला चार फूट पुरतात.

आता त्या अवघड वेळेचं. पडल्यावर वीसेक मिनिटं गेली असं वाटलं आणि चिडचिड सुरू झाली, की उठ. वीस मिनिटं अंदाजाने. मोबाईल गजर लावून दाराजवळच्या फळीवर उलटा ठेव, वेळ बघायची नाही. दोन वाजलेले दिसले की मन लगेच 'उरले साडेतीन तास' अशी वजाबाकी करतं. चटईवर मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घाल, जुना दिवाळी अंक चाळ. परत केव्हा जायचं? थकवा आल्यावर नव्हे, पेंग आल्यावर. थकवा हातापायांत असतो, पेंग पापण्यांवर असते. तू आजवर थकव्यालाच पेंग समजून आडवा होत आलास.

चिडचिड नसेल तर उठायचीही गरज नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहा आणि मनाशी म्हण, 'थोडा वेळ जागाच राहतो.' वेडगळ वाटेल, पण यात झोपेचा प्रयत्नच काढून घेतलेला आहे. नापास व्हायची भीती गेली की शरीराची ताणलेली दोरी सैल होते. मात्र हीसुद्धा झोपेची युक्ती म्हणून करशील तर परत तपासणी सुरू होईल. इथेच बहुतेक जण घसरतात.

एक रात्र बिघडली म्हणून केलेला अभ्यास पुसला जात नाही. पुढच्या रात्री शरीर गाढ झोपेचा वाटा आधी भरून काढतं. आणि 'डोळ्याला डोळा लागला नाही' असं वाटणाऱ्या रात्रीतही बरेचदा दोन-तीन तास झोप झालेली असते. हातातलं घड्याळ जो झोपेचा स्कोअर दाखवतं तो हालचाल आणि नाडीवरून काढलेला अंदाज असतो. रात्री ते काढून ठेव.

चिंता रात्री येतात, कारण दिवसभर त्यांना वेळ दिलेला नसतो. संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं वही घेऊन बस. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला उद्याचं एक पाऊल. 'फिजिक्स राहिलंय' यासमोर 'उद्या रोटेशनचे दहा प्रश्न'. 'बाबांचं कर्ज' यासमोर काही सुचणार नाही, तिथे रेघ मार. वही मिटव.

चहा दुपारी दोननंतर बंद. कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं अर्धं अकरालाही अंगात असतं. तंबाखू असेल तर निकोटिनही जागंच ठेवतं.

एप्रिल-मे वेगळा धर. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि आपल्याकडचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. दिवस मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा, झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ कर, जमलं तर गच्चीवरच अंथरूण टाक. त्या दिवसांतलं जागरण निद्रानाशाच्या खात्यात लिहू नकोस.

रूममेटची गोळी परत कर. कुणाच्या चिठ्ठीवरची, किती ताकदीची, काही माहीत नाही. कुणी अशी गोळी बरेच दिवस घेत असेल तर ती एकदम बंदही करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. झोपेत घोरून श्वास अडकतो असं रूममेट सांगत असेल, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, किंवा दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर हा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी 14416 लाव, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' असा मेसेज करशील, तो वाचून मी उत्तर देणार नाही. चौदा दिवसांचा कागद पाठव, मग तुझी पडायची वेळ ठरवू.

तुझा,
काका