कॉम्प्युटरमध्ये नवी रॅम टाकली आणि स्क्रीन काळी? आधी हे बघ

घाबरू नकोस. बहुतेक वेळा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलेला नसतो, रॅम नीट बसलेली नसते.

वायर काढ, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धर. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, मगच रॅमला. आपल्या सोलापुरात धूळ आहेच, त्यात घर यंत्रमागांजवळ असेल तर सुताचे बारीक तंतू स्लॉटमध्ये, म्हणजे रॅम बसते त्या फटीत, जाऊन बसतात. कोरड्या मऊ ब्रशने झाड. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पूस. मग दोन्ही टोकांना सारखा दाब दे, क्लिप 'कट्' वाजून लागली पाहिजे. नवशिके इथंच कचरतात आणि रॅम अर्धवट राहते.

तरीही नाही?

- फक्त जुनी लावून बघ, मग फक्त नवी. स्लॉटही बदल.
- डीडीआर२ आणि डीडीआर३ हे रॅमचे दोन प्रकार, दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. जुळत नसेल तर जोर अजिबात लावू नकोस, स्लॉट तुटेल.
- कॉम्प्युटर सुरू झाला, पण ८ जीबीतले जेमतेम ३ वापरात दिसतात? विंडोज ३२ बिट असणार, ६४ बिट टाकावी लागेल.

रॅमचा स्पीड, टायमिंग आत्ता डोक्यात घेऊ नकोस. बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर आणि सुरू करताना बीप किती वाजतात ते कळव, पुढचं सांगतो.